हवालदाराने अण्णांना आईवरून शिवी दिली. तक्रार करायची आहे, पण त्याची नोकरी जावी असं वाटत नाही. मग मागायचं काय?

टॉवेलवाला:
नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. गेल्या रविवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला आमचे अण्णा (वय ६७, आयुष्यभर पॉवरलूमवर टॉवेल विणले, आता घरीच असतात) माझ्या पोराला स्कुटीवर पुढं उभं करून भाजी आणायला गेलेले. एका चौकात नाकाबंदी होती, चौकाचं आणि पोलीस स्टेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लायसन मागितलं. लायसन होतं, पण डिकीत, आणि आमची डिकी सहा महिने झाले सीट दाबून धरून चावी फिरवल्याशिवाय उघडत नाही. अण्णा एका हाताने सीट दाबतायत, दुसऱ्या हाताने पोराला धरलंय, मागं गाड्यांची लाईन, हॉर्न, त्यात अण्णांना कानाने जरा कमी येतं, हवालदार काय म्हणाला ते कळलं नाही म्हणून दोनदा 'आं? आं?' केलं, तर त्याने आईवरून शिवी हासडली. चारचौघांत. नंतर लायसन बघितलं, सगळं बरोबर होतं, 'जा' म्हणाला.

अण्णा घरी येऊन काहीच बोलले नाहीत. आम्हाला कळलं ते रात्री जेवताना, पोरगं दुसरीत आहे, त्याने सरळ तो शब्द उच्चारून विचारलं की आजोबा याचा अर्थ काय, पोलीसकाका तुम्हाला म्हणाले ना. बायकोच्या हातातला चमचा तसाच राहिला. अण्णांनी भाकरी कुस्करलेली होती आमटीत, ती तशीच ठेवून उठले.

आता माझा प्रश्न. शेजारच्या पानटपरीवरच्या पोराकडे मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आहे, आवाज स्पष्ट आहे. मित्र म्हणतात इन्स्टावर टाक, दोन दिवसात सस्पेंड होतो बघ. पण अण्णा म्हणतात त्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही. आणि काहीच करायचं नाही हे मला पटत नाही. मग तक्रारीत मागायचं तरी काय? एका शिवीला योग्य शिक्षा कोणती, आणि ती खरंच होते का? कुणाला आतलं माहिती असेल तर सांगा.

बाळीवेसकर:
सोड की बे. सोलापुरात राहतो आणि शिवीचं काय घेऊन बसला, इथं मित्र मित्राला भेटला तरी पहिलं वाक्य 'काय बे' आणि दुसरी शिवी. उद्या 'बे' म्हणला म्हणून पण अर्ज करशील. त्या पोलिसाचं पण बघ की, मे महिन्यात ४४ डिग्रीत डांबरावर उभं राहून दाखव.

टॉवेलवाला:
@बाळीवेसकर भावा, तू मला 'बे' म्हणला, मी पण तुला म्हणू शकतो, हिशोब मिटला. अण्णा त्या हवालदाराला उलट म्हणू शकले असते का? म्हणून बघितलं असतं तर आत्ता मी जामिनाची चौकशी करत असतो, इथं लिहीत बसलो नसतो.

पेन्शनर_फौजदार:
मी ३३ वर्षं खात्यात काढली, सहाय्यक फौजदार म्हणून रिटायर झालो, त्यामुळं आतलं सांगतो. पहिलं म्हणजे खातं शिवीकडं बघतच नाही असं नाही. जनतेशी उद्धट वर्तन ही कसुरी धरतात. तुमचा अर्ज आला की तो एसीपीकडं प्राथमिक चौकशीला जातो, तुमचा जबाब, त्याचा जबाब, नाकाबंदीवर जे बाकीचे होते त्यांचे जबाब. त्यात तथ्य दिसलं तर कसुरी रिपोर्ट वर जातो, कारणे दाखवा नोटीस निघते, त्याचा खुलासा घेतात आणि मग डीसीपी साहेब शिक्षा देतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम २५ आणि १९५६ चे शिक्षा व अपिले नियम, सगळं त्यावर चालतं. खाली ताकीद, सक्त ताकीद, ज्यादा कवायत, दंड, वेतनवाढ रोखणे, आणि मोठ्या प्रकरणात विभागीय चौकशी लावून पदावनती, सेवेतून काढणे, बडतर्फी.

लोकांना वाटतं वेतनवाढ रोखली म्हणजे काय विशेष. हिशोब करा. समजा हवालदाराचं बेसिक ४०,०००, वाढ ३ टक्के म्हणजे १,२००. एक वर्ष तात्पुरती रोखली तर १४,४०० आणि त्यावरचा महागाई भत्ता गेला, पुढच्या वर्षी गाडी परत रुळावर. पण ऑर्डरमध्ये 'कायम परिणामासह' हे दोन शब्द असले की ते १,२०० रिटायर होईपर्यंत दर महिन्याला कमी, आणि जुनी पेन्शन लागू असेल तर ती शेवटच्या बेसिकवर बसते म्हणून मरेपर्यंत कमी. दोन शब्दांत एवढा फरक पडतो. म्हणून 'इन्क्रीमेंट बंद करा' असं मागताना माणसाने विचार करावा.

आणि सस्पेन्शनच्या नादी लागू नका. चौकशी चालू असताना जे सस्पेन्शन असतं ती शिक्षा नव्हेच, त्यात निर्वाह भत्ता मिळतो, चौकशीत काही निघालं नाही तर उरलेला पगारही मिळतो. पेपरात फोटो, चार महिन्यांनी माणूस परत खुर्चीत, ना तुम्हाला समाधान ना त्याला अक्कल. तीच गत 'हेडक्वार्टरला अटॅच'ची. कित्येकजण तर खूश होतात, चौकातली ड्युटी सुटली म्हणून.

कडक_भाकरी:
कशाला एवढं पुराण. वर्दी अंगावर असताना शिवी दिली की डायरेक्ट डिसमिस करा, दहा जणांना केलं की अकरावा गप बसतो. आमच्या टॅक्सच्या पैशावर पगार घेतात आणि आमच्याच बापाला शिव्या देतात.

कोर्टाची_पायरी:
@कडक_भाकरी राग समजतो पण तसं होत नाही आणि होऊही नये. (मी इथल्या कोर्टात वकिली करते, सर्व्हिस मॅटर्स थोडी बघितली आहेत.) घटनेचं कलम ३११ आहे, चौकशी न करता, त्याचं म्हणणं न ऐकता काढलं की तो मॅटमध्ये (सरकारी नोकरांच्या प्रकरणांचं न्यायाधिकरण) जातो आणि ऑर्डर रद्द करून आणतो, मागचा पगार घेऊन. वर अजून एक, शिक्षा चुकीच्या मानाने असायला लागते. दिल्ली पोलिसातल्या एका कॉन्स्टेबलला वरिष्ठांना शिवीगाळ केली म्हणून बडतर्फ केलेलं, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, १९९५ चा निकाल आहे. कोर्टाने म्हणलं की शिवी कुठल्या परिस्थितीत दिली ते बघायला पाहिजे, बडतर्फी फार कडक झाली, आणि दोन वेतनवाढी कायम परिणामासह रोखायच्या एवढ्यावर आणलं. यात गंमत बघा. साहेबाला शिवी दिली तर गडी नोकरीतून गेला होता, कोर्टाने वाचवला. रस्त्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला दिली तर ताकीद. एकच तोंड, एकच शब्द, शिक्षा मात्र समोर कोण उभा आहे त्यावर ठरते. मला विचाराल तर हे उलटं पाहिजे, कारण साहेब स्वतःचं बघून घेऊ शकतो.

आता @टॉवेलवाला तुमच्यासाठी. सगळ्या शिव्या एका मापाने मोजू नका. वैतागून तोंडातून गेलेला शब्द वेगळा. तोच शब्द लॉकअपमध्ये, दार लावून, कबुलीसाठी वापरला तर ती शिवी राहत नाही, छळ होतो. बाईच्या अब्रूवर बोलला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. जातीवरून बोलला तर ॲट्रॉसिटी, १९८९ च्या कायद्यातलं कलम ३, तिथं मग ताकीद-बिकीद विषयच नाही, सरळ एफआयआर. तुमच्या केसमध्ये यातलं काही दिसत नाही. नुसत्या अपमानाला कलम ३५२ आहे पण ते अदखलपात्र, म्हणजे पोलीस स्टेशनला जाऊन फार तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून मिळेल, आणि ती एनसी लिहिणार कोण, तर त्याच्याच शेजारच्या टेबलावरचा माणूस. म्हणून तुमचा रस्ता खात्याअंतर्गत तक्रारीचाच. पोलीस तक्रार प्राधिकरण म्हणून पण एक आहे, प्रकाश सिंह केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००६ ला सांगितलं आणि आपल्याकडं २०१४ च्या दुरुस्तीने कायद्यात आलं, पण ते कोठडीतला मृत्यू, गंभीर इजा, बेकायदा अटक, खंडणी असल्या गंभीर गोष्टींसाठी. एका शिवीसाठी तिथं गेलात तर हेलपाटे होतील नुसते.

अर्ज साधा लिहा. तारीख, वेळ, ठिकाण, नेमका शब्द काय होता तो जसाच्या तसा (लाजू नका, 'अर्वाच्य भाषा वापरली' एवढंच लिहिलं की चौकशीत 'कोणती ते नमूद नाही' असा शेरा पडतो), नेमप्लेट वाचली असेल तर नाव. डीसीपींच्या नावाने द्या, प्रत पोलीस स्टेशनला, आणि दुसऱ्या कॉपीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. व्हिडिओ पेनड्राईव्हमध्ये जोडा, टपरीवाल्या पोराचा मूळ मोबाईल मात्र जपून ठेवायला सांगा, त्यातलं डिलीट करू नका. विभागीय चौकशीला पुराव्याचे नियम कोर्टाइतके कडक नसतात, तेवढा व्हिडिओ पुष्कळ आहे. चौकातल्या सरकारी कॅमेऱ्याच्या भरवशावर राहू नका, त्यात ओठ हललेले दिसतील, शिवी ऐकू येणार नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालाने आवाजासकट कॅमेरे आणि फुटेज १८ महिने ठेवायचं बंधन आहे ते पोलीस स्टेशनच्या आत, रस्त्यावर नाही.

कडक_भाकरी:
बरं वकीलबाई, मान्य. पण मग इन्स्टावर टाकायला काय हरकत आहे? त्याशिवाय कोण हलतंय का सांगा.

कोर्टाची_पायरी:
हलत नाही हे खरंय, तेच तर दुखणं आहे. व्हायरल झालं की संध्याकाळपर्यंत निलंबन, नाही झालं की अर्ज सहा महिने टेबलावर. म्हणजे शिक्षा किती व्हावी हे व्ह्यूजवर ठरायला लागलं. त्याहून वाईट शब्द वापरणारा सुटतो कारण तिथं कुणाचा मोबाईल चालू नव्हता.

लाईनीतली_सून:
मी पोलिसाची बायको. आधी सांगते, काकांना जे बोलला ते चूकच, माझ्या सासऱ्यांना कुणी बोललं असतं तर मी पण गप बसले नसते. पण एक बाजू कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. माझे मिस्टर आषाढीला पंढरपूरला बंदोबस्ताला गेले की पाय सुजून येतात, बूट काढताना मोजा कातडीला चिकटलेला असतो, मी कोमट पाणी ओतून सोडवते. तिथून आले की सुट्टी नाही, परत इथली ड्युटी, मग गणपती, मग नवरात्र, मग गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा). मुंबईत २०१६ ला आठ तासांची ड्युटी सुरू केली म्हणून पेपरात वाचलं, तेव्हा आम्ही पोलीस लाईनीतल्या बायका हसलो होतो, आमच्याकडं आठ तास झोप मिळाली तरी पेढे वाटू. आणि शिव्यांचं म्हणाल तर त्या आधी वरून खाली येतात. रोल कॉलला साहेब सगळ्यांसमोर आईबहिणीवरून बोलतो, बावन्न वर्षांच्या हवालदाराला तिशीतला साहेब बोलतो, आणि हा 'जी सर' म्हणतो. त्या साहेबावर कसुरी रिपोर्ट कोण पाठवणार? ह्यांना एकदा शर्टचं बटण उघडं होतं म्हणून ताकीद मिळाली होती, खोटं नाही सांगत. शिक्षा करायची तर वरच्यापासून करा ना. खालच्याला दंड आणि वरच्याला सलाम असं असेल तर त्याला शिस्त कशी म्हणायची.

बाळीवेसकर:
हे मात्र एक नंबर बोललात वहिनी.

पेन्शनर_फौजदार:
सूनबाई खरं बोलतेय. मी नोकरीत शिव्या खाल्ल्या आणि दिल्या पण, लपवून काय करू या वयात. केगावच्या ट्रेनिंग सेंटरला पोरं येतात तेव्हा चांगली बोलणारी असतात बहुतेक, कलमं पाठ करून घेतात त्यांच्याकडून, बोलायचं कसं ते मात्र ग्राउंडवर उस्तादाकडून शिकतात आणि उस्ताद काय बोलतो ते सगळ्यांना माहितीय.

एक गोष्ट सांगतो. नव्याने हवालदार झालो होतो, गड्ड्याच्या बंदोबस्ताला होतो, शोभेच्या दारूकामाची रात्र, गर्दी तुम्हाला माहितीय कशी असते. एक केळीवाला गाडा हलवेना, मी त्याला नको ते बोललो, त्याची म्हातारी आई शेजारी पोत्यावर बसलेली, ते मला दिसलं नव्हतं. कुणीतरी आमच्या पीआय साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी ना नोटीस काढली ना रिपोर्ट पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले वर्दी घाल, चल माझ्याबरोबर. गाड्यांच्या रांगेत नेलं, म्हणाले काल जेवढ्या मोठ्याने बोललास तेवढ्याच मोठ्याने आज माफी माग, आईची. जीपपासून गाड्यापर्यंत दहा पावलं असतील, माझा पाय उचलत नव्हता. म्हातारी काय म्हणाली माहितीय का? 'असू दे बाळा, केळं घे.' साहेबांनी पैसे द्यायला लावले त्या केळ्याचे. नंतर मला एकदा वेगळ्या कारणाने दंड पण झाला, तो कितीचा होता आज आठवत नाही. केळं आठवतं.

पण साहेबांनी केलं ते नियमात बसत नव्हतं. माझी इच्छा नसताना लावलं असतं आणि मी वर गेलो असतो तर साहेबच अडचणीत आले असते. १९५६ च्या नियमांत कवायत आहे, दंड आहे, पण ज्याला शिवी दिली त्याच्यासमोर उभं राहायचं असं कुठंच नाही. सगळी शिक्षा खातं आणि पोलीस या दोघांतच.

कोर्टाची_पायरी:
फौजदारसाहेबांनी नेमकं धरलं. आणि टॉवेलवाले, हे आधीच माहिती असू दे, समजा तुमच्या अर्जावर शिक्षा झाली तरी काय झाली ते तुम्हाला कळेलच असं नाही. माहिती अधिकारात विचारलंत तर ३० दिवसांनी उत्तर येतं की ही वैयक्तिक माहिती आहे, कलम ८(१)(ञ). सुप्रीम कोर्टाचा २०१२ चा निकाल दाखवतात, त्यात कर्मचाऱ्याला मिळालेले मेमो, नोटिसा, शिक्षा हे सगळं वैयक्तिक धरलंय, मोठं जनहित दाखवलं तरच मिळतं. म्हणजे ज्याला शिवी बसली त्यालाच निकाल माहिती नाही. 'आपल्या अर्जावर योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे', एवढं एका ओळीचं पत्र. माझ्या एका अशिलाने ते पत्र फ्रेम करायला दिलं होतं, रागाने.

केरळमध्ये हायकोर्टाने २०२१ ला सांगितलं की पोलिसांनी लोकांना 'एडा', 'एडी' म्हणायचं बंद करा, म्हणजे आपलं 'ए बे', 'ए बाई' समजा, आणि तिथल्या डीजीपींनी तसं परिपत्रकही काढलं. परिपत्रकाने जिभा किती बदलल्या देव जाणे, पण निदान शब्द कागदावर आला, की हा चालणार नाही.

म्हणून अर्जात शिक्षेचं मागू नका. ते डीसीपी ठरवतील, त्याचं आधीचं रेकॉर्ड बघून. पहिलीच वेळ असेल आणि दहा वर्षं स्वच्छ गेली असतील तर ताकीद ठीक आहे. पाचवी तक्रार असेल तर मग फौजदारसाहेबांनी सांगितलेले ते दोन शब्द आले तरी मला वाईट वाटणार नाही. तुम्ही दोनच गोष्टी मागा. चौकशीचा निष्कर्ष लेखी कळवा, आणि त्या हवालदाराची तयारी असेल तर अण्णांसमोर येऊन माफी मागू द्या. दुसरी मागणी नियमात नाही, पण मागायला बंदी पण नाही.

लाईनीतली_सून:
आणि दादा, व्हिडिओ नेटवर टाकू नका एवढं ऐका. त्याची पोरं कुठल्यातरी शाळेत असतील. आमच्या लाईनीत एकाचा व्हिडिओ फिरला होता, त्याची मुलगी दहावीला होती, पंधरा दिवस क्लासला गेली नाही.

टॉवेलवाला:
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय, कारखान्यात मोठी ऑर्डर होती. व्हिडिओ टाकला नाही. अर्ज मंगळवारी दिला, शब्द जसाच्या तसा लिहिला, लिहिताना हात थांबला होता माझा, खिडकीवरच्या मॅडमनी वाचून माझ्याकडं बघितलं पण शिक्का मारला. आवक नंबर घेतलाय.

शुक्रवारी एसीपी ऑफिसमधून फोन आला, अण्णांचा जबाब घेतला, अण्णा तिथं पण 'आं?' म्हणले दोनदा, तर जबाब घेणारा शिपाई उठून शेजारच्या खुर्चीत येऊन बसला आणि कानाशी येऊन विचारायला लागला. अण्णा घरी येऊन सगळ्यांना तेच सांगतायत. माफीचं मी विचारलं तर साहेब म्हणाले बघतो, त्याच्यावर जबरदस्ती करता येणार नाही, चौकशी मात्र चालूच राहील. मी म्हणलं बरोबर आहे.

काल परत फोन. शनिवारी सकाळी अकराला अण्णांना घेऊन या, तो पण येतोय. शिक्षेचं काही बोलले नाहीत, मी पण विचारलं नाही, निष्कर्षाचं पत्र मात्र मागणारच. आता घरात दुसराच वाद, अण्णा म्हणतात पोराला पण नेतो, शिवी त्याने ऐकली तर हे पण त्यानेच ऐकावं. बायको म्हणते शनिवारी सकाळची शाळा आहे.

पेन्शनर_फौजदार:
शाळा बुडवा एक दिवस. आणि तेवढी डिकी दुरुस्त करून घ्या.